उचल आणि फेड : लघुपट व ट्रेलर यांच्या नात्याविषयी

गेल्या वर्षी पावसाळ्यात आमच्या गल्लीतली एक मुलगी वही घेऊन माझ्याकडे आली. पदवीच्या दुसऱ्या वर्षाला शिकते. महाविद्यालयाने तिला माध्यम-प्रकल्प दिला होता : लघुपट आणि ट्रेलर यांचा अभ्यास करायचा, मग स्वतःचा एक लघुपट आणि त्याचा ट्रेलर तयार करून दिवाळीच्या सुटीआधी सादर करायचा. तिचा प्रश्न साधा होता. "काका, लघुपट दहा मिनिटांचा अन् ट्रेलर दीड मिनिटाचा. दोन्ही छोटेच की. मग फरक काय लिहू?"

मी सिनेमाचे रीतसर शिक्षण घेतलेले नाही. माजलगावच्या मोंढ्यात एका आडतीवर हिशेब लिहिण्यात उमेदीची वर्षे गेली. पाहिलेल्या प्रत्येक चित्रपटाची नोंद मात्र तीस वर्षांपासून वहीत करत आलो, एवढेच भांडवल. त्या भांडवलावर मी तिला लगेच उत्तर देऊन टाकले : "लघुपट ही कला, ट्रेलर ही जाहिरात." तिने ते लिहूनही घेतले. पुढच्या चार महिन्यांत हे उत्तर किती उथळ होते ते मला कळत गेले. हा लेख म्हणजे त्या उत्तराची दुरुस्ती आहे.

आमच्या भागात 'ट्रेलर' म्हटले की आधी डोळ्यांसमोर येतो तो ट्रॅक्टरच्या मागे जोडलेला. दसरा-दिवाळीच्या सुमारास भांडीकुंडी, शेळ्या, लेकरे असा संसार त्यात भरून टोळ्या कारखान्यांकडे निघतात. सिनेमातल्या ट्रेलरचे नावही तिथूनच आलेले आहे. अमेरिकेत शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी पुढच्या चित्रपटाची झलक चालू चित्रपटाच्या शेपटाला जोडत, म्हणून तो मागून ओढत येणारा, ट्रेलर. चित्रपट संपला की लोक उठून जात, झलक बघायला कोणी थांबत नसे. म्हणून ती पुढे आणली गेली. जागा बदलली तरी नाव मागचेच राहिले.

आमच्या लहानपणी जत्रेत तंबूची टॉकीज येई. तिचा ट्रेलर म्हणजे कर्णा बांधलेली गाडी. गाडीवरचा माणूस कथा कधीच सांगत नसे. मारामारी किती, गाणी किती, रडू किती, एवढेच सांगे. आणि कथेची तार बरोबर अशा जागी तोडी की आम्ही घरातून जोंधळे नेऊन विकत असू आणि तिकिटाचे पैसे उभे करत असू. कधी चित्रपट त्या माणसाच्या बोलण्याला उतरे, कधी उतरत नसे. फसवले गेल्याचा राग मात्र चित्रपटावर न निघता गाडीवाल्यावर निघे. शब्द त्याने दिला होता, हे आम्हाला त्या वयातही समजत होते.

लघुपटाचे म्हणाल तर सिनेमा जन्मला तोच लघु. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईत वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंचे जे सहा चित्रपट दाखवले गेले, त्यांतला एकेक मिनिटभराच्या आतबाहेरचा होता. सावेदादा भाटवडेकरांनी १८९९ मध्ये मुंबईच्या हँगिंग गार्डनवर पुंडलिकदादा आणि कृष्णा न्हावी यांची कुस्ती चित्रित केली, तीही लघुच. तीन तासांचा सिनेमा ही नंतरची वाढ आहे. तेव्हा लघुपटाला 'मोठ्या चित्रपटाची पूर्वतयारी' म्हणणे म्हणजे ओवीला महाकाव्याची पूर्वतयारी म्हणण्यासारखे आहे.

मी केलेली कला आणि जाहिरात ही वाटणी कोसळली ती दादासाहेब फाळक्यांपाशी. १९१२ मध्ये ते लंडनहून कॅमेरा घेऊन आले. पूर्ण लांबीच्या चित्रपटाला पैसा हवा होता आणि कोणाचा विश्वास बसत नव्हता. त्यांनी कुंडीत वाटाण्याचा दाणा पेरला, कॅमेरा समोर रोवला आणि रोज थोडे थोडे चित्रण करत राहिले. पडद्यावर बघता बघता दाण्याचे रोप झाले. ही जेमतेम मिनिटभराची फिल्म दाखवून त्यांनी भांडवल उभे केले. मग 'राजा हरिश्चंद्र' झाला आणि ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये लोकांसाठी लागला. ती वाटाण्याची फिल्म लघुपट होती की ट्रेलर? तिच्यात 'हरिश्चंद्रा'चे एकही दृश्य नाही. तरीही 'मला एवढे साधते, पुढचेही साधेल' हा शब्द तिने दिला. त्याच वेळी ती स्वतःत पूर्ण आहे : दाणा, अंकुर, रोप. पुढे 'हरिश्चंद्र' झालाच नसता तरी तिचे काही अडले नसते.

हे मी मुलीला सांगितले तेव्हा ती चटकन म्हणाली, "म्हणजे उचल घेतली की त्यांनी."

हा शब्द मला सुचला नव्हता. ती ऊसतोडीच्या घरातली असल्याने तिला सुचला. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो : हंगामाआधी मुकादम नवरा-बायकोच्या जोडीला आगाऊ रक्कम देतो, ती उचल. त्या जोडीला 'एक कोयता' म्हणतात. मग हंगामभर ऊस तोडून, मोळ्या वाहून उचल फेडायची. फिटली नाही तर बाकी पुढच्या हंगामावर चढते. ट्रेलरचे नेमके हेच आहे. प्रेक्षकाकडून तो विश्वासाची उचल घेतो आणि फेड चित्रपटाने करायची असते. लघुपटाला उचल मिळत नाही, तो रोखीचा व्यवहार आहे. समोर ठेवले तेवढेच, आणि तेवढ्यातच पुरे पडले पाहिजे. फरक लांबीचा नसून व्यवहाराचा आहे.

या फूटपट्टीने आम्ही दोघांनी नागराज मंजुळे यांचे काम पाहिले. निवडीचे कारण तिच्या प्रकल्पातच होते. मंजुळे यांचा पहिला लघुपट 'पिस्तुल्या' हा विद्यार्थिदशेत, अहमदनगरला संज्ञापन अभ्यासाचे शिक्षण घेताना झालेला. त्याला ५८व्या राष्ट्रीय पुरस्कारांत कथाबाह्य विभागात दिग्दर्शकाच्या पदार्पणाचा पुरस्कार मिळाला. शाळेची ओढ असलेला, पण परिस्थितीने चोरीकडे ढकललेला एक मुलगा, एवढाच त्याचा ऐवज. आपल्यासारख्याच एका जिल्ह्याच्या गावी, वर्गातले काम म्हणून हे होऊ शकते, याचा मुलीला फार धीर आला.

'पिस्तुल्या'त मला मोलाचे वाटते ते हे की तो कसलीही उधारी मागत नाही. 'पुढे मोठा चित्रपट करीन तेव्हा नीट सांगीन' असा सूर त्यात नाही. त्यातला सूरज पवार पुढे 'फँड्री'त आणि 'सैराट'मध्ये दिसला, म्हणून मागे वळून पाहताना आपल्याला तो पूर्वरंग वाटतो. तो आपला दृष्टिभ्रम आहे. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकताना उमेश कुलकर्णी यांनी केलेला 'गिरणी'ही असाच. घरात आलेली पिठाची गिरणी एका पोराचे बालपण कसे खाते, हे सांगून तो थांबतो.

आता ट्रेलरची बाजू. 'फँड्री' १४ फेब्रुवारी २०१४ रोजी प्रदर्शित झाला. तारीख प्रेमिकांच्या दिवसाची आणि प्रसिद्धीला अजय-अतुल यांचे प्रेमगीत. चित्रपटाचे पार्श्वसंगीत मात्र आलोकनंदा दासगुप्ता यांचे, अगदी वेगळ्या प्रकृतीचे. प्रेमकथा समजून गेलेल्या प्रेक्षकाला जब्या शालूवर जीव लावताना दिसतो खरा, पण शेवटी गावासमोर डुकरे पकडताना दिसतो, आणि त्याचा दगड थेट आपल्याच दिशेने येतो. 'सैराट' २९ एप्रिल २०१६चा. त्याची गाणी आधीच गावोगाव वाजत होती. शेवट कोणत्याही झलकेत नव्हता. तो निःशब्द शेवट पाहून लोक थिएटरातून खाली मान घालून बाहेर पडले, त्यात मीही होतो.

मग ही फसवणूक नव्हे काय? मुलीने हेच विचारले. बराच विचार करून मी या मतावर आलो आहे. लपवणे हा ट्रेलरचा दोष नाही. काय लपवले यावर सगळे आहे. 'फँड्री' आणि 'सैराट' यांच्या प्रसिद्धीने गोडवा दाखवून त्यामागचे सत्य झाकून ठेवले. प्रेक्षकाने दिले त्याहून जास्त त्याच्या पदरात पडले, उचलीपेक्षा फेड मोठी झाली. उलट ज्या ट्रेलरमागे झाकायलाच काही नसते, जिथे दीड मिनिटात सगळा माल संपलेला असतो, तिथे प्रेक्षकाची बाकी चढत जाते. असे चार अनुभव आले की तो पाचव्याला, खऱ्यालाही, दारात उभे करत नाही.

एक निरीक्षण इथे नोंदवले पाहिजे. अलीकडे महाविद्यालयीन स्पर्धांमध्ये मी जे लघुपट पाहतो, त्यांतले अनेक स्वतःच ट्रेलरसारखे वागतात. सुरुवातीला ड्रोनमधून गाव, मग संथ गतीतली पावले, काळ्या पडद्यावर एक भारदस्त वाक्य, छाती दडपणारे संगीत आणि शेवटी एक अश्रू. दृश्य दोन क्षण टिकले की कापले जाते. या मुलांना साधनांची उणीव नाही, फाळक्यांना स्वप्नातही मिळाले नसते ते यंत्र त्यांच्या खिशात आहे. उणीव आहे ती पाहण्याची. त्यांनी ट्रेलर शेकड्याने पाहिले आहेत आणि लघुपट हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. म्हणून उचल घेण्याची भाषा त्यांना तोंडपाठ आहे, फेडीची येत नाही. माझा एक जुना उपाय मी मुलीला सांगितला : आवाज बंद करून पाहा. संगीत काढल्यावर ज्या दृश्यात काही उरते ते दृश्य, बाकीची नुसती सजावट.

या उपायाने तिचे भले झाले, पण माझीच परीक्षा झाली. आदल्या जानेवारीत ती चार दिवस आई-वडिलांच्या टोळीवर राहून आली होती आणि मोबाईलवर बरेच चित्रण करून आणले होते. त्यातून नऊ मिनिटांचा लघुपट निघाला. पहाटेची कोपी, चुलीवरचा धूर, आईच्या डोक्यावरची मोळी, फळीवरून ट्रकमध्ये चढणारी तिची पावले, संध्याकाळी वाढे विकतानाची घासाघीस. एका ठिकाणी आई पाचटावर बसून डोळे पुसते. ट्रेलरचा शेवट कशावर करावा, असे मुलीने विचारले तेव्हा मी क्षणाचाही विचार न करता म्हणालो, "त्या डोळे पुसण्यावर." बंद आवाजातही ते दृश्य उभे राहत होते. माझ्या कसोटीला ते पुरेपूर उतरले होते.

टोळी निघायच्या आठ दिवस आधी मुलीने ट्रेलर आईला दाखवला. मी तिथेच होतो. आईने दोनदा पाहिला. मग माझ्याकडे न बघता लेकीला म्हणाली, "म्या काय सदानकदा रडायलेच का? त्या दिवशी बापाचा सांगावा आला होता म्हणून डोळ्याला पाणी आलं. हे मोळीचं रडू न्हाई." आणि थोड्या वेळाने, "पूर्ण शिनिमा बघणाराला कळंल. पण एवढंच बघून जाणाराला काय कळणार? त्यो म्हणंल, बिचारी."

मी गप्प बसलो. लघुपटात त्या दृश्याच्या मागेपुढे सांगाव्याचा फोन होता, नंतर शेजारणीने केलेली थट्टा आणि आईचे हसणे होते. ट्रेलरमध्ये ते एकटेच, तोडून आणलेले. माझ्या सल्ल्याने मुलगी आईच्या अश्रूंवर उचल घेणार होती. उचल घेणारी एक आणि अंगठा दुसरीचा. आडतीवर आयुष्यभर लोकांच्या नावावरच्या बाकीचे हिशेब लिहिणाऱ्या माणसाला हे आधी दिसायला हवे होते.

मुलीने ते दृश्य ट्रेलरमधून काढले. त्याजागी फळीवरून चढणारी पावले ठेवली, अकरा सेकंद, न कापता, संगीताशिवाय. मोळी वर पोचण्याआधी पडदा काळा होतो. सादरीकरणात लघुपटाला चांगले गुण मिळाले, ट्रेलरला कमी. 'परिणाम कमी पडतो, भावनिक क्षण हवा होता' असा शेरा आला. तो शेरा मला परका वाटला नाही, महिनाभरापूर्वी मीही तेच म्हटले होते. मुलीला वाईट वाटले, पण तिने बदल केला नाही.

थिएटरात दाखवायच्या ट्रेलरला आपल्याकडे सेन्सॉरचे वेगळे प्रमाणपत्र लागते. कायद्याने तो स्वतंत्र चित्रपट मानलेला आहे. समीक्षेनेही त्याला तसेच मानावे, असे मला आता वाटते. त्याचेही परीक्षण व्हावे, आणि त्यात एक प्रश्न जरूर असावा : ही उचल कोणाच्या नावावर घेतली आहे? ज्याच्या चेहऱ्यावर ती घेतली, त्याला ती मान्य आहे का?

हा लेख लिहून होत असताना बाहेरच्या रस्त्यावरून टोळ्या जात आहेत. मुलीची आईही गेली. जाताना तिने नऊ मिनिटांचा लघुपट मोबाईलमध्ये भरून मागितला. कोपीवरच्या बायकांना दाखवायचा आहे म्हणाली. ट्रेलर नको म्हणाली, "आपल्याला त्याचं काय काम, आपुन तर पुराच बघणार."