तळघरातला रविवार

जॅझच्या तबकड्या जमवू लागलेल्या माणसाला पहिला सल्ला ठरलेलाच मिळतो : माइल्स डेव्हिसची ‘काइंड ऑफ ब्लू’ घे. सल्ला वाईट नाही, पण तो द्यायला फारसं डोकं लागत नाही. शिवाय ती तबकडी बहुतेकांकडे असतेच. खरा प्रश्न पुढचा. मी म्हणेन, १९५९च्या त्या तबकडीवरच्या पियानोवाल्याचा माग काढा. पाचपैकी चार रचनांत पियानोवर बिल इव्हान्स आहे. त्याच्यामागे गेलात की दोन वर्षांनी न्यूयॉर्कच्या ग्रिनिच व्हिलेजमधल्या एका तळघराच्या पायऱ्या उतरता.

हे तळघर म्हणजे ‘व्हिलेज व्हॅनगार्ड’. मॅक्स गॉर्डनने १९३५ साली सुरू केलेला क्लब, खोली तिकोनी, बेताची. २५ जून १९६१, रविवार. इव्हान्सच्या त्रिकुटाने दुपारी दोन आणि रात्री तीन अशा पाच बैठकी वाजवल्या आणि ‘रिव्हरसाइड’ कंपनीने त्या मुद्रित केल्या. निर्माता ऑरिन कीपन्यूज, पियानोवर इव्हान्स, डबल बासवर स्कॉट लाफारो, ड्रम्सवर पॉल मोशन. या मुद्रणातून दोन लाँगप्ले निघाल्या, ‘संडे अॅट द व्हिलेज व्हॅनगार्ड’ आणि ‘वॉल्ट्झ फॉर डेबी’. जाणकार पहिलीची शिफारस करतात. मी दुसरीची करतो, आणि पहिलीही सोडू नका असं सांगतो.

या त्रिकुटाने नेमकं काय केलं हे कळायला आधीची रीत लक्षात घ्यावी लागते. पियानो गातो, ड्रम्स लय सांभाळतात आणि बास मात्रेमागून मात्रा टाकत चालत राहतो, अशी जॅझमधली वाटणी होती. एकल तबलावादनात हार्मोनियमवर लेहरा धरणाऱ्याचं जे काम, जवळपास तेच बासवाल्याचं. त्याने धरून ठेवायचं, इतरांनी खेळायचं. लाफारोने धरून ठेवणंच सोडून दिलं. सम सगळ्यांच्या मनात आहे, तर ती दर आवर्तनाला बोट ठेवून दाखवायची कशाला? तो पियानोच्या वाक्यामध्ये स्वतःचं वाक्य घालतो, वरच्या पट्टीत जातो, इव्हान्स श्वास घेतो तेवढ्यात दोन स्वर सांगून मोकळा होतो. तेव्हा तो पंचवीस वर्षांचा होता.

‘वॉल्ट्झ फॉर डेबी’ सुरू होते ‘माय फूलिश हार्ट’ने. चाल चित्रपटातली, आणि इथे ती इतकी संथ की पुढचा स्वर येईल की नाही अशी शंका यावी. इथे करामत जवळजवळ नाहीच. बासचं स्वतंत्र वादन नाही, पियानोही मूळ चालीपासून फार दूर जात नाही. ऐकायचा तो मोशन. त्याचे ब्रश झांजेवर नुसते घासत राहतात, ठोका असा सापडतच नाही, तरी लय क्षणभरही सैल पडत नाही. ड्रम्स म्हणजे गोंगाट असं मानणाऱ्या घरच्या मंडळींना ही एक रचना ऐकवून पाहावी.

पाठोपाठ शीर्षकाची रचना. इव्हान्सने आपल्या पुतणीसाठी केलेली ही चाल १९५६ सालच्या त्याच्या पहिल्या लाँगप्लेवर छोट्याशा एकल रूपात आहे. इथे आरंभ तीन मात्रांच्या वॉल्ट्झमध्ये, नुसता पियानो आणि बास, दोघं शेजारी शेजारी दोन वेगळ्या ओळी म्हणत. मग मोशन येतो आणि तीनाच्या चार मात्रा होतात. हा सांधा कितीदाही ऐकावा. पोरीचा झोके घेणारा फ्रॉक आणि मोठ्या माणसांची रस्त्यावरची चाल, दोन्ही एकाच चालीत असल्याचं तेव्हा उमगतं.

दुसऱ्या बाजूवरचं ‘सम अदर टाइम’ हे लेनर्ड बर्नस्टाइनचं गाणं. त्याच्या तळाशी दोन कॉर्ड मागेपुढे हलत राहतात. १९५८मध्ये हेच गाणं वाजवायला बसलेला इव्हान्स त्या दोन कॉर्डमध्येच रमला आणि त्यातून ‘पीस पीस’ ही वेगळी रचना झाली. ‘काइंड ऑफ ब्लू’वरच्या ‘फ्लेमेंको स्केचेस’चा आरंभही तिथलाच. म्हणजे तुमच्याकडे आधीच असलेल्या तबकडीचा एक कोपरा इथे मूळ गाण्यासकट भेटतो. शेवटी माइल्सचं ‘माइलस्टोन्स’, आणि त्यात बास मोकाट सुटलेला.

मधूनमधून पेल्यांची किणकिण, कुणाचं हसणं, टेबलावरच्या गप्पा ऐकू येतात. टाळ्या विरळ. या लोकांचा मला अनेकदा राग आला आहे, पण ते नसते तर ही रेकॉर्ड स्टुडिओतली झाली असती, आणि इव्हान्सने स्टुडिओत इतकं उघडं क्वचितच वाजवलं.

त्या रविवारनंतर अकरा दिवसांनी, ६ जुलैला, लाफारो मोटार अपघातात गेला. इव्हान्सने कित्येक महिने वाजवणं थांबवलं. म्हणून आधी बाजारात आलेल्या ‘संडे’वर लाफारो पुढे दिसेल अशाच रचना निवडल्या गेल्या. ती त्याच्याच ‘ग्लोरियाज स्टेप’ने सुरू होते आणि त्याच्याच ‘जेड व्हिजन्स’ने संपते. श्रद्धांजली म्हणून ती थोर आहे. पण तिची निवड एका माणसासाठी झाली आहे. ‘वॉल्ट्झ’ला तो भार नाही, तिच्यात तिघंही सारखे वावरतात.

आता खरेदीचं. जुनी रिव्हरसाइडची प्रत हाती लागली तर नशीब, तिच्या मागे खिसा रिकामा करू नये. ‘ओरिजिनल जॅझ क्लासिक्स’ मालिकेतल्या पुनर्मुद्रित प्रती उत्तम वाजतात. सीडी घेताना मात्र सावध राहा : काहींवर एकाच रचनेची दोन-दोन वादनं जोडून टाकलेली असतात आणि बाजूची बांधणी मोडते. २००५ साली आलेल्या तीन सीडींच्या संचात पाचही बैठकी वाजवल्या त्याच क्रमाने आहेत, वीज गेल्यामुळे मध्येच खंडित झालेल्या ‘ग्लोरियाज स्टेप’सकट. अभ्यासाला तो हवाच, पण संध्याकाळी ऐकायला तबकडी बरी.

याच तळघरातल्या आणखी दोन तबकड्या. सॉनी रॉलिन्सची ‘अ नाइट अॅट द व्हिलेज व्हॅनगार्ड’, नोव्हेंबर १९५७. पियानो नाहीच. सॅक्सोफोन, बास आणि ड्रम्स, तेवढ्यावर रॉलिन्स सगळं घर भरून टाकतो. दुसरी जॉन कोल्ट्रेनची, नोव्हेंबर १९६१, म्हणजे इव्हान्सनंतर पाचच महिन्यांनी. तिची एक अख्खी बाजू ‘चेसिन द ट्रेन’ने व्यापली आहे. त्याच मुक्कामातलं ‘इंडिया’ नंतर ‘इम्प्रेशन्स’वर आलं. रविशंकरांच्या संगीताने कोल्ट्रेनला किती ओढलं होतं हे तिथे उघड दिसतं, मात्र त्यात राग शोधत बसू नये.

आणि लाफारो आवडला असेल तर ऑर्नेट कोलमनची ‘फ्री जॅझ’ घ्या, डिसेंबर १९६०ची. दोन चौकडी एकाच वेळी वाजतात, दोन्ही बाजू मिळून एकच सलग रचना, सुमारे सदतीस मिनिटं. पहिल्या खेपेला बहुतेकांना हा कल्लोळ वाटतो, आणि पहिल्या खेपेपुरतं ते म्हणणं खरंही आहे. दोन बासवाले आहेत, चार्ली हेडन उजव्या स्पीकरमध्ये आणि लाफारो डाव्या. म्हणून स्टीरिओ प्रतच घ्या, आणि दुसऱ्यांदा लावताना बॅलन्सचं बटण पूर्ण डावीकडे फिरवा.