भुयारात अडकलेली किशोर कादंबरी

गेल्या हिवाळ्यात एका स्पर्धेचा परीक्षक म्हणून किशोर कादंबऱ्यांचा गठ्ठा माझ्याकडे आला. ११ पुस्तकं. त्यांतल्या ७ पुस्तकांत भुयार होतं. भुयाराच्या तोंडाशी १४ वर्षांचा नायक, त्याचा जाडा खादाड मित्र, केस कापलेली एक धीट मुलगी आणि कुत्रा. पुढे तस्कर, मग इन्स्पेक्टरकाका, मग पाठीवर थाप. नव्या काळाची खूण एकच: पोरांच्या खिशात मोबाइल असतो आणि भुयाराशी पोचताच त्याची रेंज जाते. लेखकाला १९७५ सालात परतायचं असतं. गेलेली रेंज ही त्याची परतीची गाडी.

सुट्टीत आलेल्या नववीतल्या भाचीला त्यांतली दोन दिली. एक तिनं संपवलं, दुसरं अर्ध्यावर उपडं ठेवलं. म्हणाली, "मामा, या मुलांना शाळेत कुणी चिडवत नाही का?"

हा लेख त्या प्रश्नामुळे लिहितोय.

या भुयारांचा दोष भा. रा. भागवतांचा नाही. त्यांचा फुरसुंगीचा बनेश ऊर्फ 'फास्टर' फेणे सायकल दामटत पुण्यात शिरला तेव्हा ते पुणं खरं होतं, सायकल खरी होती, शाळा खरी होती. त्याच्या वारसदारांनी साहस तेवढं उचललं, सायकल तिथेच सोडली. साहित्य अकादमीच्या बालसाहित्य पुरस्कारांची अलीकडची नावं पाहा: २०१९ साली सलीम मुल्ला यांचं 'जंगल खजिन्याचा शोध', २०२४ साली भारत सासणे यांचं 'समशेर आणि भूतबंगला'. दोघंही हात बसलेले लेखक, सासणे तर उदगीरच्या साहित्य संमेलनाचे माजी अध्यक्ष. त्यांच्या लेखणीशी माझं भांडण नाही. पण खजिना आणि भूतबंगला हे शब्द मुखपृष्ठावर दिसले की विकत घेणारा बाप निर्धास्त होतो, त्या निर्धास्तपणाशी आहे. या यादीत २०१७ सालचं ल. म. कडूंचं 'खारीच्या वाटा' आठवलं की बरं वाटतं. तिथे गाव धरणाखाली जातं, आणि कुणी इन्स्पेक्टरकाका येऊन ते वाचवत नाहीत.

बाकीचं झटपट. विज्ञानकादंबऱ्या: नारळीकरांनी बांधून ठेवलेल्या घरात आता संस्कार शिकवणारे यंत्रमानव राहतात. शिवकालीन: सगळे बालमावळे शूर, एकालाही भूक लागत नाही. पर्यावरणवाल्या: झाड बोलतं, आणि फार बोलतं.

आता जे आवडतं त्याकडे. मराठीत कुमारवयाबद्दल उत्तम लिहिलं गेलंय, फक्त ते किशोरांच्या कपाटात नाही. प्रकाश नारायण संतांचा लंपन ('वनवास', १९९४) आणि मिलिंद बोकीलांची 'शाळा' (२००४), दोन्ही पुस्तकं मौजेनं मोठ्यांची म्हणूनच काढली. लंपन बेळगावकडच्या कानडी वळणाच्या मराठीत विचार करतो, मोजता येणार नाहीत असे आकडे ठोकून देतो. सुमीबद्दल त्याला काय वाटतं याला त्याच्याकडे शब्द नाही, आणि संत त्याला तो उसना देत नाहीत. ही संयमाची कमाल आहे. आमचा आजचा किशोर-कादंबरीकार असता तर आजीच्या तोंडून मैत्रीची व्याख्या वदवून मोकळा झाला असता.

'शाळा'तला मुकुंद जोशी नववीत आहे. आणीबाणी चालू आहे, पण त्याचं लक्ष शिरोडकर कुठल्या रस्त्यानं क्लासला जाते यावर. अर्धवट बांधलेल्या बिल्डिंगमध्ये बसलेली जोशी आणि त्याचे मित्र ही चार पोरं ज्या भाषेत बोलतात ती मास्तरांना कळू नये म्हणूनच बनलेली असते. कुमारवयाची पहिली मालमत्ता म्हणजे ही चोरटी भाषा. गठ्ठ्यातली पोरं मात्र एकमेकांशी निबंधात बोलत होती. एकानं तर भुयारात "आपण धैर्य एकवटायला हवे" असं म्हटलं. अंधारात, मित्राला!

भाचीला 'शाळा' दिली. चार दिवसांत वाचून झाली, आणि नवी तक्रार आली: शिरोडकरला काय वाटत होतं ते कुठे लिहिलंय? कुठेच नाही. शिरोडकर आपल्याला दिसते ती जोशीच्या डोळ्यांनी, आणि मग ती गाव सोडून जाते. 'शाळा' येऊन वीस वर्षं उलटली, त्या पोरीची वही अजून कुणी उघडलेली नाही. मराठी मुलींच्या दोन-तीन पिढ्या त्या वयात शांता शेळक्यांच्या 'चौघीजणी'वर वाढल्या, म्हणजे अमेरिकेतल्या एका घरावर. पाळी, आरशातला चेहरा, बसमधला नको तो स्पर्श, मैत्रिणीचा मत्सर, यातलं काहीही आमच्या किशोर कादंबरीतल्या त्या धीट मुलीला होत नाही. ती फक्त झाडावर चढते.

सिनेमानं हे केव्हाच हाती घेतलं. 'फँड्री'तला जब्या शालूवर झुरतो आणि तिच्याच डोळ्यांदेखत त्याला डुकरामागे धावावं लागतं. त्या एका धावण्यात जात, लाज, प्रेम, राग सगळं आहे. किशोर कादंबरीत पोरांना आडनावंसुद्धा जपून दिली जातात.

"पण मुलांच्या हाती असलं कसं द्यायचं?" हा प्रश्न मला प्रत्येक बैठकीत ऐकवला जातो. राम पटवर्धनांनी इंग्रजीतून मराठीत आणलेलं 'पाडस' आपण किती वर्षं मुलांच्या हाती देतोय? त्यात पोराला स्वतः वाढवलेलं हरणाचं पाडस पीक खातं म्हणून गोळी घालावी लागते. ते वाचून रडलेली मुलं काही बिघडली नाहीत. परदेशातलं दुःख चालतं, इथलं चालत नाही, एवढाच याचा अर्थ.

बीडच्या टोळीबरोबर दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीला निघणारी, पाठच्या भावंडाला कडेवर घेऊन शाळा बुडवणारी आणि १५व्या वर्षी 'कोयता', म्हणजे ऊसतोडीची नवरा-बायकोची जोडी, पुरा करायला लग्नाला उभी केलेली मुलगी कुठल्या कादंबरीत आहे? लातूर पॅटर्नच्या नावाखाली भाड्याच्या खोलीत कोंडून घेतलेला, 'नीट' परीक्षेच्या मार्कांत आपली किंमत शोधणारा १७ वर्षांचा मुलगा? ही पोरं वाचक नाहीत का? की ती पुस्तकं विकत घेत नाहीत म्हणून पात्रंही नाहीत? विकत घेतो पालक, निवडते ग्रंथालयाची समिती, बक्षीस देतो माझ्यासारखा साठीचा परीक्षक. ज्याच्यासाठी लिहिलं तो या साखळीत कुठेच नाही, आणि वर आपणच ओरडतो की पोरं वाचत नाहीत. वाचतात. फोनवर, रात्री, पांघरुणात, तुमच्या-माझ्या परवानगीशिवाय. प्रतिलिपीवर भाग पाडून येणाऱ्या प्रेमकथा वाचतात, कारण तिथे निदान कुणाचा तरी जीव कुणात तरी अडकलेला असतो.

पुढच्या वर्षीचा गठ्ठा मी घेईन, पण भुयारातला फोन लागला पाहिजे. पलीकडून कोण बोललं, काय बोललं आणि पोरानं आईपासून काय लपवलं, ते लिहून पाठवा.