दोघींची ओवी

उंब्रजचा मारुती कुणी बसवला हे शाळकरी पोरगंही सांगतं. समर्थांनी, अकरा मारुतींतला एक. पण त्याच गावात घरोघरी जात्यावर ज्या ओव्या होत्या त्या कुणी रचल्या, असं विचारलं तर म्हातारी बाई हसते. "रचायची कशाला? आली मनात, म्हटली." हे उत्तर मला पुरेसं वाटत नाही. रचली तर होतीच, फक्त एकटीनं नव्हे.

मोठं दळण असलं की जात्यावर दोघी बसायच्या. खुंट्याला दोघींचे हात, दाणे टाकणारी एक. एकीनं ओळ उचलली की दुसरी ती धरायची आणि पुढं आपल्या भावाचं, लेकाचं नाव जोडायची. आमच्या घरात थोरली काकू तारळ्याची, धाकटी मसूरची. म्हंजे तारळ्यातनं आलेली ओवी मसूरच्या भावाच्या नावानं पुरी व्हायची. एखादी गावातच दिलेली सोडली, तर जात्यावर बसणाऱ्या सगळ्या परगावच्या. 'आमच्या गावची' म्हणून जी कला आपण मिरवतो, ती या बाहेरून आलेल्या बायकांनी केली. गावात जन्मलेल्या पोरी ती शिकून दुसऱ्या गावाला घेऊन गेल्या.

छापील संग्रह वाचताना म्हणूनच मन अडतं. साने गुरुजींनी 'स्त्री जीवन'मध्ये ओव्या जमवल्या. शेजारच्या सांगली जिल्ह्यातल्या बागणीच्या सरोजिनी बाबर यांनी तर लोकसाहित्याला जन्म वाहिला. त्यांचे उपकार आहेतच. पण पुस्तक म्हटलं की विषयवार मांडणी आली: आई, भाऊ, सासर, पंढरी. जात्यावर असले कप्पे नव्हते. भावाचं कौतुक करता करता भावजयीला टोमणा, तिथनं सासू (ती पलीकडंच निजलेली, म्हणून आवाज जरा खाली), मग विठ्ठल. माहेर आळवणाऱ्या बाईला हेही पक्कं ठाऊक असतं, की तिथं आता आपण पाहुणी. माहेराचं प्रकरण वेगळं काढलं की नुसता गोडवा उरतो.

हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्रभरातून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. विषयवारी त्यांनाही चुकली नाही. तरी ओवीसोबत बाईचं नाव आणि गाव ठेवलं, पुष्कळ ठिकाणी आवाजही. त्यामुळं ते काम मला अधिक मोलाचं वाटतं. आवाजात कधी दुसरी बाई ऐकू येते, पहिलीचा दम संपतो तिथं ओळ उचलणारी. कागदावर ती दिसत नाही.

आणि स्नेहसंमेलनातली ओवी? थर्माकोलचं जातं, नऊवारी, गजरे, मागं कीबोर्ड. दोन माहेराच्या, एक पंढरीची. भावजय गाळलेली. दळताना हाताला ओढ लागते, त्या ओढीवर ओवी लांबते, थबकते. थर्माकोल कसली ओढ देणार? टाळ्या मात्र पडतात.

गिरणी आली ते बरंच झालं. पहाटेच्या अंधारात उठून घरभराचं दळणं यात काही सुख नव्हतं, आणि त्यासाठी हळहळणारे बहुतेक पुरुष असतात. आता जातं लग्नात बाहेर निघतं. सुपारी-हळकुंड बांधून पाच सवाशिणी हात लावतात, फोटो निघतो, गाणं मोबाईलवर. मसूरची काकू मात्र अजून तोंडानं म्हणते. थोरली गेल्यापासून ओळ धरायला कुणी नाही. ती पहिली ओळ म्हणून जरा थांबते, खुंटा फिरवत राहते, आणि दुसरीच ओवी घेते.