पंखा वाकडा का दिसतो?

२००८ साली आलेला निकॉन डी-९० हा चलचित्रण करू शकणारा पहिला डिजिटल एसएलआर कॅमेरा. तो सेकंदाला २४ चित्रे टिपतो. म्हणजे १ मीटर उंचीवरून सोडलेला चेंडू जमिनीवर पोचेपर्यंत सुमारे १० चित्रे मिळतात. गुरुत्वीय त्वरण शिकवायला ती पुरेशी आहेत. पण फिरत्या पंख्याची पाती मात्र वाकडी दिसतात. कारण कॅमेऱ्यातील संवेदक संपूर्ण चित्र एकदम वाचत नाही. ओळीमागून ओळ वाचतो, आणि तेवढ्यात पाते पुढे सरकते. शिवाय चित्रण चालू असताना स्वयंचलित फोकसही मिळत नाही. तरीही वर्गात हा पहिला दोष आम्हांला मोलाचा वाटतो. कॅमेऱ्याने दाखवले म्हणजे ते तसेच असते का, हे मुलांनाच शोधू द्यावे.