अनुदानाच्या रकान्यात न बसणारी संग्रहालये

काही वर्षांपूर्वी आमच्या तालुक्याच्या गावातील एका छोट्या संग्रहालयासाठी मी अनुदानाचा अर्ज लिहिला. संग्रह म्हणजे चार वीरगळ, मोडी कागदांचे रुमाल, तांब्यापितळेची भांडी आणि एक मोडका मेणा. अर्जात ‘नवी दालने’ असा रकाना होता. आम्हाला दालन नको होते. वाळवी थांबवायची होती आणि रोज कुलूप उघडणारा एक माणूस हवा होता. रकाना कोरा ठेवला. अर्ज परत आला.

तेव्हापासून अशा योजनांची पत्रके मी एखादा ग्रंथ वाचावा तशी वाचतो. केंद्रीय सांस्कृतिक मंत्रालयाची संग्रहालय अनुदान योजना घ्या. नवे संग्रहालय, जुन्याचे आधुनिकीकरण, वस्तूंचे डिजिटल रूपांतर, कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण, सगळे तिच्यात आहे. योजना वाईट नाही. पण तिची क्रियापदे पाहावीत: उभारणे, वाढवणे, आधुनिक करणे. ‘सांभाळणे’ जवळजवळ नाहीच. शिवाय खर्चातला काही वाटा संस्थेनेच उभा करायचा, म्हणजे ज्याच्याकडे थोडे आहे त्यालाच अधिक मिळणार.

कंपन्यांच्या पैशाचे तसेच. 2013च्या कंपनी कायद्यातील 135व्या कलमाने ठरावीक आकारापुढच्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे 2 टक्के समाजकार्यावर खर्च करणे भाग पडले. सातव्या परिशिष्टात राष्ट्रीय वारसा, कला, संस्कृती आहे. सार्वजनिक ग्रंथालये नावानिशी आहेत. संग्रहालय मात्र नावाने नाही. त्याने वारशाच्या छत्रीखाली शिरायचे. चालू प्रकल्पाची मुदत सुरुवातीचे वर्ष सोडून तीन वर्षे. पहारेकऱ्याचा पगार तीन वर्षांत संपत नाही, हे कुणी सांगायचे?

पैसा कुठे उपयोगी पडला तेही पाहिले पाहिजे. मुंबईचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय 1872 साली लोकांसाठी खुले झाले. महापालिकेचे हे घर पुढे पार दुरवस्थेला गेले. 2003 साली महापालिका, इन्टॅक आणि जमनालाल बजाज फाउंडेशन यांच्यात करार झाला. 2005 मध्ये युनेस्कोचा पुरस्कार मिळाला, 2008 मध्ये दारे पुन्हा उघडली. इथे इमारत सुंदर, शहर श्रीमंत, मालक ठाऊक. या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की दाता सापडतो. आमच्या मेण्याचे तसे नाही. तो कुणी दिला, कधी दिला, याचा कागदच नव्हता.

पुण्यात दिनकर केळकरांनी चष्म्याच्या दुकानाचा व्याप सांभाळत अडकित्ते, दिवे, वाद्ये जमवली. संग्रहाला अकाली गेलेल्या मुलाचे, राजाचे, नाव दिले आणि अखेर तो महाराष्ट्र शासनाच्या हवाली केला. अर्जाच्या भाषेत ‘लाभार्थी संख्या’ विचारली असती तर त्यांनी काय लिहिले असते? राजवाड्यांनी 1910 साली स्थापन केलेले भारत इतिहास संशोधक मंडळ तर दप्तरे, ग्रंथ, नाणी, चित्रे असे सगळेच जपते. त्याला अभिलेखागार म्हणावे, ग्रंथालय म्हणावे की संग्रहालय? प्रत्येक नावासाठी अनुदानाचे दार निराळे. विज्ञान केंद्रांचे तर मंत्रालयातील खातेच वेगळे. त्यांच्याविषयी लिहिण्याइतका माझा अभ्यास नाही.

माझे म्हणणे एवढेच की पहिले अनुदान नोंदवहीला द्यावे. वस्तूला क्रमांक, माप, छायाचित्र, देणाऱ्याचे नाव मिळाले की मालकी सिद्ध होते, चोरीची तक्रार करता येते आणि मोठ्या अर्जाला पाय फुटतात. पुण्याच्या सी-डॅकने संग्रहालयांसाठी ‘जतन’ नावाची संगणकप्रणालीच तयार केली आहे. रक्कम फार लागत नाही. कदाचित म्हणूनच तिच्या उद्घाटनाला कुणी येत नाही.

आम्ही शेवटी दोनशे पानी वही आणली. गावातील एक निवृत्त शिक्षिका दर रविवारी येतात, मी मापे सांगतो, त्या लिहितात. मेणा 214 क्रमांकावर आहे. देणाऱ्याच्या रकान्यात त्यांनी पेन्सिलीने ‘चौकशी चालू’ असे लिहिले आहे.