दहा सेंटांचा चेहरा

छायाचित्रे इंटरनेटवर विकून घरबसल्या जोडउत्पन्न मिळवावे, हा सल्ला आता आपल्याकडे नवा राहिलेला नाही. कॅमेरा आहे, फोटो काढलेले आहेत, मग ते पडून का ठेवायचे? सल्ल्यात खोटे काही नाही. फोटो खरोखरच विकले जातात. पण ते कितीला विकले जातात, कोणते विकले जातात आणि विकले जाण्यासाठी त्यांना काय व्हावे लागते, हे प्रश्न त्यात येत नाहीत. मी स्वतः सात वर्षे या धंद्याच्या काठावर उभा आहे. त्यामुळे पुढच्या टीकेत माझाही वाटा आहे, हे आधीच सांगतो.

तयार छायाचित्रांचा व्यापार इंटरनेटहून जुना आहे. ओटो बेटमन १९३५ साली नाझी जर्मनीतून न्यूयॉर्कला आला, तो पेट्या भरून चित्रे घेऊन. त्या चित्रांतून उभा राहिलेला संग्रह १९९५ मध्ये बिल गेट्स यांच्या कॉर्बिसने विकत घेतला. त्याच वर्षी मार्क गेटी आणि जोनाथन क्लाइन यांनी आजच्या गेटी इमेजेसचा पाया घातला. मुंबईत जगदीश अगरवाल यांनी १९८७ मध्येच डिनोडिया ही संस्था काढली होती. जुन्या पद्धतीत चित्र भाड्याने दिले जाई. ते कुठे छापणार, किती मोठे, किती प्रतींत, यावर भाव ठरे आणि साधारणपणे निम्मी रक्कम छायाचित्रकाराला मिळे.

ही घडी २००० नंतर मोडली. कॅनडातील कॅलगरी येथे ब्रूस लिव्हिंगस्टन यांनी आयस्टॉकफोटो सुरू केले. आरंभी तेथे चित्रे फुकट मिळत, पुढे अगदी अल्प दरात. २००३ मध्ये जॉन ओरिंजर यांनी स्वतः काढलेली सुमारे तीस हजार छायाचित्रे घेऊन शटरस्टॉक उभे केले आणि मासिक वर्गणीत हवी तेवढी चित्रे उचलण्याची प्रथा रुजवली. २००६ मध्ये गेटीने आयस्टॉकफोटो पाच कोटी डॉलरना घेतले. त्याच वर्षी जेफ हाऊ यांनी ‘वायर्ड’मध्ये ‘क्राउडसोर्सिंग’ हा शब्द रूढ केला. त्यांचे पहिलेच उदाहरण याच धंद्यातले होते: व्यावसायिक छायाचित्रकार ज्या चित्राचे शंभराहून अधिक डॉलर मागतो, तसेच चित्र हौशी माणूस एका डॉलरला देतो. तो हौशी माणूस म्हणजे आपण.

आता हिशेब पाहू. जून २०२० मध्ये शटरस्टॉकने चित्र देणाऱ्यांचा वाटा पायऱ्यांनी ठरवला, तो १५ ते ४० टक्के. वर्षभर विक्री करून वरची पायरी गाठली, तरी १ जानेवारीला पाटी पुसली जाते आणि पुन्हा पहिल्या पायरीवर उभे राहावे लागते. एका विक्रीचे किमान मोल दहा सेंट, म्हणजे आठ-नऊ रुपये ठरले. त्यातही अमेरिकेतल्या विक्रीवर तिथला कर कापला जातो. पॅन क्रमांकासह त्यांचा अर्ज भरून दिला तर करारानुसार १५ टक्के, नाहीतर ३० टक्के. शिवाय ठरावीक रक्कम साचेपर्यंत पैसे हाती पडत नाहीत. हजारो चित्रे असणारा आणि रोज नवी घालणारा यात कमावतो, पण मग ते जोडउत्पन्न राहत नाही, पूर्णवेळ कारखाना होतो.

पण पैसे कमी मिळतात एवढीच माझी तक्रार असती, तर हा लेख लिहिला नसता. दुसरा प्रश्न चित्राचा आहे. या बाजारात खपते ते कुणालाही, कशासाठीही चालेल असे चित्र. एका बाजूला मजकुरासाठी मोकळी जागा हवी, दुकानाची पाटी नको, गाडीचा नंबर नको, गावाची ओळख नको. पॉल फ्रॉश यांनी २००३ मध्ये या उद्योगावर ‘द इमेज फॅक्टरी’ हा ग्रंथ लिहिला. नजरेत न भरता सगळीकडे असणे हीच या चित्रांची ताकद, हे त्यातून नीट कळते.

विंडोज एक्सपीच्या पडद्यावरची हिरवी टेकडी आठवा. चार्ल्स ओरिअर यांनी १९९६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सोनोमा भागात तिचा फोटो काढला. तो अशाच एका संस्थेमार्फत फिरत मायक्रोसॉफ्टकडे गेला. त्या टेकडीवर आधी द्राक्षबाग होती. फायलोक्सेरा ही कीड पडल्याने वेली काढून टाकल्या, म्हणून तिथे गवत होते. आमच्या तासगावकडच्या बागायतदाराला हे सांगितले की तो क्षणभर गप्प होतो. उजडलेली बाग जगाने वर्षानुवर्षे प्रसन्नतेचे चित्र म्हणून पाहिली.

हेच माझ्या हातूनही घडले, फक्त उलट दिशेने. शेजारच्या वहिनी चुलीपुढे भाकरी थापत होत्या. कौलांतून आलेला उन्हाचा पट्टा धुरात उतरला होता. मी फोटो काढला. चेहरा ओळखू येतो तेव्हा त्या व्यक्तीची लेखी संमती लागते, म्हणून इंग्रजी कागद पुढे केला. “भावजी, कशाचा कागद हाय ह्यो?” त्यांनी विचारले. “फोटोचा,” मी म्हणालो. त्यांनी सही केली. माझे उत्तर खोटे नव्हते, पण अपुरे होते.

मग चित्राला शोधशब्द जोडायचे होते. असे पन्नासेक शब्द देता येतात. ‘भाकरी’ लिहिले, पण त्या शब्दाने जगात कोण शोधणार, म्हणून ‘ब्रेड’ लिहिले. बाई, भारत, खेडे, चूल, धूर असे करत शेवटी ‘गरिबी’ लिहिले. तो शब्द कंपनीने सांगितला नव्हता. तो खपतो हे मला ठाऊक होते. वहिनींच्या घरी गॅस आहे, दोन एकर द्राक्षबाग आहे. भाकरी मात्र चुलीवरचीच लागते, म्हणून चूल. पुढे तो फोटो मला एका इंग्रजी देणगीपत्रकावर दिसला. खालचा मजकूर उपाशी कुटुंबांविषयी होता.

या धंद्यावर दोन तऱ्हांनी बोलले जाते. एक बाजू म्हणते, कंपन्या लुटतात. दुसरी म्हणते, जबरदस्ती कुणी केली नाही. दोन्हींत तथ्य आहे, पण दोन्हींत वहिनी नाहीत. मॉडेलची बदनामी होईल असा वापर करू नये, अशी अट परवान्यात असते. पण गरीब म्हणून दाखवणे ही बदनामी आहे का, हे दूर बसलेला ग्राहक ठरवतो, आणि ते ठरवण्याची वाट मी लिहिलेल्या शब्दाने त्याला करून दिलेली असते.

आता हे शब्द यंत्रांनाही शिकवतात. शटरस्टॉकने आपला साठा ओपनएआयला प्रशिक्षणासाठी दिला. अडोबीचे २०२३ मधले फायरफ्लाय अडोबी स्टॉकमधल्या चित्रांवर शिकले. गेटीने त्याच वर्षी स्टॅबिलिटी एआयवर दावा लावला आणि स्वतःचेही चित्रयंत्र बाजारात आणले. भारतीय खेड्यातली बाई म्हणजे धूर आणि गरिबी, हा धडा यंत्राने कुठून घेतला असे उद्या कुणी विचारले, तर उत्तराचा एक बारीक धागा माझ्यासारख्यांच्या संगणकापाशी येतो.

मी तो फोटो काढून घेतला. आधी विकलेले परवाने मात्र परत घेता येत नाहीत. मग वहिनींना जाऊन सगळे सांगितले. त्यांनी एवढेच विचारले, “पैसं किती मिळालं?” अकरा विक्रींचे मिळून दोन डॉलरही झाले नव्हते. त्या म्हणाल्या, “मग गरीब तुमीच की ओ!” आणि हसल्या. मला हसता आले नाही.

फोटो विकू नयेत असे मी म्हणत नाही. मीही अजून विकतो. मात्र संमतीचा कागद आता मराठीत वाचून दाखवतो, फोटो कुठे कुठे जाऊ शकतो ते सांगतो, मिळाले तर निम्मे देतो. ओळीत गावाचे नाव लिहितो आणि भाकरीला भाकरीच म्हणतो. विक्री घटली आहे.