मीटरभर खड्ड्याची साक्ष : एक परीक्षण

गांव केव्हां वसलें, असा प्रश्न निघाला कीं आपण प्रथम कागद शोधतों. पुण्याच्या प्रदेशाचा उल्लेख इ. स. ७५८ व ७६८ च्या राष्ट्रकूट ताम्रपटांत येतो. इंग्लंडांतील पुष्कळ खेड्यांचीं नांवें १०८६ सालच्या 'डोम्सडे' नामक जमाबंदीच्या बाडांत प्रथम आढळतात. परंतु प्रथमोल्लेख म्हणजे जन्म नव्हे. लेखकानें नांव लिहिलें तेव्हां गांव नांदतें होतें, एवढेंच त्यावरून सिद्ध होतें. त्याच्या मागें जावयाचें तर माती चाळण्यावांचून गत्यंतर नाहीं. या दृष्टीनें पूर्व इंग्लंडांत स्वयंसेवकांच्या हातून झालेलें एक काम आमच्या वाचकांनीं पारखून घ्यावें असें आहे.

हें काम विदुषी कॅरेन्झा लुइस यांनीं २००५ पासून चालविलें, व त्याचे निष्कर्ष २०१६ सालीं 'अँटिक्विटी' या नियतकालिकांत प्रसिद्ध केले. रीत अगदीं साधी आहे. गांवकऱ्याच्या परसांत, त्याच्या संमतीनें, एक मीटर लांबरुंद खड्डा आंखावयाचा. दहा-दहा सेंटिमीटरांचा एकेक थर उतरवावयाचा. सर्व माती चाळणींतून काढून प्रत्येक थराचीं खापरें निराळीं ठेवावयाचीं. खणणारे शाळेंतील मुलें व गांवचेच रहिवासी. खापरांची कालपारख मात्र तज्ज्ञाकडे. अशा रीतीनें ५५ वसाहतींत सुमारें दोन हजार खड्डे झाले.

या कामाचा पहिला गुण असा कीं, त्यानें नांदत्या गांवास हात घातला. पूर्वीं संशोधकांचें लक्ष ओसाड गांवांकडे अधिक असे, कारण तेथें घरें आड येत नाहींत. नांदत्या गांवाची जुनी पांढरी लोकांच्या ओट्याखालीं व फुलबागांखालीं दडलेली असते. ती घरमालकावांचून कोण उघडणार? दुसरा गुण एकरूपतेचा. एकटा खड्डा जवळजवळ मुका असतो. एकाच रीतीचे हजारों खड्डे शेजारीं मांडले म्हणजे वस्ती कोठें होती, कोणत्या शतकांत पसरली व कोणत्या शतकांत आकसली, हें नकाशावर दिसूं लागतें.

मुख्य निष्कर्ष असा कीं, चौदाव्या शतकाच्या मध्यापूर्वींचीं खापरें जितक्या खड्ड्यांत मिळतात, त्याहून नंतरच्या काळाचीं सुमारें ४५ टक्के कमी खड्ड्यांत मिळतात. १३४८-४९ च्या महामारीनंतरचा दीर्घ ऱ्हास यांत उमटला आहे, असें लुइसबाईंचें म्हणणें.

येथें आमचे तीन आक्षेप आहेत. पहिला, खापर नाहीं म्हणून माणूस नाहीं, असें म्हणतां येत नाहीं. पांचव्यापासून आठव्या शतकापर्यंतचीं त्या भागांतील हातघडणीचीं मऊ भांडीं परसाच्या वारंवार खणलेल्या मातींत टिकणें कठीण. तेव्हां गांवाच्या मुळाविषयीं, म्हणजे जेथें जिज्ञासा सर्वांत अधिक तेथेंच, ही साक्ष सर्वांत दुबळी आहे. दुसरा, खड्ड्यांची टक्केवारी ही माणसांची टक्केवारी नव्हे. धातूचीं भांडीं वाढलीं, केरकचरा टाकण्याची जागा बदलली, तरी खापरें घटतील. तिसरा, खड्डा संमति मिळेल तेथेंच पडतो. शिवाय जीं गांवें समूळ उठलीं तीं या मोजणींत नाहींत. मात्र हा शेवटचा दोष लुइसबाईंच्या विरुद्ध जात नाहीं. खरा ऱ्हास आंकड्याहून मोठाही असूं शकेल. आणि इतक्या गांवांतून एकच कल दिसावा, याचा उलगडा केवळ भांड्यांच्या बदलानें होईल असें आम्हांस वाटत नाहीं. म्हणून कल ग्राह्य, परंतु आंकडा शब्दशः घेऊं नये, असा आमचा अभिप्राय आहे.

कारणाविषयीं तर अधिकच सावध राहिलें पाहिजे. यॉर्कशायरांतील व्हॅरम पर्सी या ओसाड गांवीं मॉरिस बेरेसफर्ड व जॉन हर्स्ट यांनीं १९५० ते १९९० पर्यंत, बव्हंशीं स्वयंसेवकांच्या श्रमावर, दर उन्हाळ्यांत उत्खनन चालविलें. गांव महामारीनें उठलें असावें, असा तर्क सहज सुचतो. परंतु महामारीनंतरही तेथें वस्ती होती. अखेरचीं घरें १५०० च्या सुमारास मेंढ्यांच्या चरणीसाठीं उठविलीं गेलीं. बेरेसफर्ड मूळचे कागदपत्रांचे अभ्यासक. कागद व माती हीं दोन्ही साधनें एकत्र आल्यामुळेंच हा निर्णय झाला. खापर काळ सांगतें, कारण सांगत नाहीं.

आपल्याकडे परसोपरसीं खणत सुटावें, असा याचा अर्थ कोणीं घेऊं नये. अधिकृत परवानगी व जाणत्याची देखरेख यांवांचून पांढरींत कुदळ घालणें म्हणजे एकच प्रत असलेली पोथी वाचण्याआधीं फाडणें होय. परंतु नव्या घरांचे पाये आज गांवोगांव पांढरींतूनच खणले जातात, व ती माती पाहिल्यावांचून दूर टाकली जाते. त्या वेळीं पायाची जागा नकाशावर टिपणें, थरांचें मोजमाप व छायाचित्र घेणें, आणि दिसलेल्या खापरांची खबर जाणत्यास देणें, एवढें तरी गांवच्या माणसांस करतां येईल. आमच्या संग्राहक मित्रांस एक नम्र सूचना : आद्यंत हरवलेलें सुटें पान आपण जितक्या संशयानें पाहतां, तितक्याच संशयानें जागेची नोंद नसलेलें खापर पाहावें. लुइसबाईंच्या कामाचें खरें मोल ४५ या आंकड्यांत नाहीं. शाळकरी पोरानें उचललेला तुकडाही, त्याचा खड्डा व थर लिहिलेला असल्यास, पुरावा होतो, हें त्यांनीं दाखविलें आहे.